पन्नासाव्या भागातला काळोख

१

रविवारी सकाळी दहा वाजता नशराने पन्नासाव्या भागाची कॅसेट लावली आणि टीव्हीवर नुसता काळोख आला.

आधी तिला वाटलं, वायर सैल झाली असेल. वायर घट्ट होती. तिने कॅसेट पुढे पळवली, मागे आणली. काळोखच. बुधवारी आंबेनळी घाटात घेतलेलं स्वराजचं गाणं, त्याची मुलाखत, मागचं धुकं, सगळं साफ गेलं होतं. शुक्रवारी तिने कॅमेऱ्यातच अर्धं मिनिट पाहिलं होतं, तेव्हा चित्र लख्ख होतं. मग वीज गेली आणि बाकीचं पाहायचं राहिलं. म्हणजे शुक्रवारनंतर कुणीतरी ही कॅसेट नेली होती, पुसली होती आणि गुपचूप कपाटात जागेवर आणून ठेवली होती. चोरापेक्षा हे वाईट. चोर निदान रिकामी जागा तरी ठेवतो.

साल दोन हजार तीन, महिना ऑगस्टचा. महाडच्या केबलवर दर रविवारी पाच ते साडेपाच ‘नाका माईक’ नावाचा कार्यक्रम लागायचा. महाड-पोलादपूरची रॅप करणारी पोरं शोधायची, त्यांचं गाणं घ्यायचं, चार प्रश्न विचारायचे आणि लोकांना दाखवायचं. हे रॅप इथे आलं कुठून, तर आखातातून सुटीवर येणाऱ्या काका-मामांच्या बॅगांतून. साबणाच्या वड्या, अत्तर आणि त्यांच्यामध्ये दडपलेल्या इंग्रजी कॅसेटी. तालात भांडण केलं की त्याला रॅप म्हणतात, अशी केबलवाल्या मुरारीची व्याख्या होती, आणि ती फार चूक नव्हती.

कार्यक्रम नशराचा एकटीचा. शोधणं तिचं, प्रश्न तिचे, आवाज टिपणं तिचं. कॅमेरा तेवढा राहीलचा. राहील तिच्या नवऱ्याचा भाचा, अठ्ठावीस वर्षांचा, लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणारा.

आणि नवरा? अर्शद दम्मामला. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यात नवराबायको एका छपराखाली राहिले ते जेमतेम पाच महिने. अर्शदचं गाव खाडीपलीकडे दापोलीकडचं, त्यामुळे महाडात त्याला धड कुणी ओळखतही नव्हतं. नशरा म्हणजे ‘ती जिचा नवरा गल्फला आहे ती’, एवढीच तिची ओळख. दर शुक्रवारी दुपारी दोनला घराखालच्या दुकानातल्या फोनवर त्याचा फोन येई. पूर्वी आपण बोललं की पलीकडे पोहोचायला एक श्वासभर वेळ लागे आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळत. गेल्या दीड वर्षात लाइन सुधारली होती, बाजूच्या खोलीतून बोलावं तशी. परवाच्या शुक्रवारी त्याने पहिलाच प्रश्न केला, “ताप उतरला का?” नशराने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आठवडाभर ती तापाने पडली होती, बुधवारी तिचा टेपरेकॉर्डर आणि तिचे प्रश्न घेऊन राहील एकटाच घाटात गेला होता, आणि शेजारच्यांनीही विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तिला रॅपचं वेड नव्हतं. या कार्यक्रमामुळे आठवड्यातून चार माणसं तिचं दार वाजवायची. कार्यक्रम गेला तर दार वाजणार नाही, आणि न वाजणाऱ्या दाराकडे पाहत बसायचं कसं, हे तिने पहिल्या पाच वर्षांत पुरेपूर शिकून घेतलं होतं.

मुरारीने मार्चातच बजावलं होतं. “एक रविवार चुकला, की ती वेळ सोनाराच्या जाहिरातीला. तो टपून बसलाय.”

आता पाच वाजायला सात तास होते.

२

नशराची खोली मुरारीच्या केबल ऑफिसच्या माडीवर. किल्ली खाली मुरारीच्या खिळ्याला. ज्याला हवी त्याने घ्यावी, असा कारभार. शनिवारी दोनला कुलूप लावून ती घरी गेली होती. त्यानंतर किल्ली कोणी कोणी घेतली, हे तिने मुरारीलाच विचारलं.

“मी स्वतः गेलो एकदा, पंखा बंद केला का बघायला,” मुरारी पानाची गुळणी सांभाळत म्हणाला. “मग राहील, त्याची तर ये-जा चालूच असते. मग तो लाल टोपीवाला हसन. माईक परत ठेवायचा म्हणाला.”

“तुम्हाला ही वेळ सोनाराला द्यायची होती.”

“द्यायची असती तर तुला सांगून दिली असती. केबल माझी, वायर माझी. कॅसेट कशाला पुसू?” मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “आणि खोटं कशाला बोलू, तुझा कार्यक्रम लोक बघतात गो. घाटाच्या पायथ्याला काशीरामचं हॉटेल आहे ना, माझी वायर तिथे संपते. तिथून दर रविवारी फोन येतो, पाच वाजून एक मिनिट झालं की चालू का केला नाही म्हणून.”

मुरारीचं म्हणणं पटण्यासारखं होतं. आपल्या घराला आग लावायला कुणी चोरवाट शोधत नाही.

हसनचं तसं नव्हतं. मोहल्ल्यातल्या ट्रकवाल्याचा मुलगा, महाडातला पहिला रॅपवाला, निदान स्वतःच्या मते. पन्नासावा भाग आपलाच, असं त्याने चौकात चौघांना सांगून ठेवलं होतं, आणि नशराने निवडलं कुणाला? तर पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीतल्या, म्हशी राखणाऱ्या स्वराजला. असला कॅमेरा महाडात भाड्याने कुणालाही मिळत होता, म्हणजे कॅसेट पुसणं त्यालाही जमलं असतं. हसन तिला ट्रकांच्या मागे, टायरवर बसलेला सापडला.

“मला राग आला होता,” त्याने नाकारलं नाही. “अजून आहे. पण एक सांगा, कपाटात काय काय होतं?”

“राहीलच्या कॅमेऱ्याची कॅसेट. आणि माझ्या टेपरेकॉर्डरची, आवाजाची.”

“आवाजाची आहे?”

“आहे. शेजारीच होती. कुणी हात लावलेला नाही.”

हसन हसला, पण त्यात गंमत नव्हती. “मग मी कशाला असेन? मला स्वराजचं वाकडं करायचं असतं तर त्याचा आवाज पळवला असता. मार खातो आम्ही तो त्याच्या आवाजापुढे. चेहऱ्याचं काय लोणचं घालू?”

नशरा परत निघाली ती हेच डोक्यात घेऊन. ‘नाका माईक’ची रीतच तशी होती. कॅमेऱ्याच्या माईकवर वारा फार येतो, म्हणून गाणं ती वेगळ्या टेपरेकॉर्डरवर घ्यायची आणि मग चित्रावर चढवायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही पुसणाऱ्याने आवाज शाबूत ठेवला होता.

त्याला गाण्याचा राग नव्हता. त्याला भीती होती ती चित्राची.

३

खोलीत येऊन तिने ती काळी कॅसेट पुन्हा लावली. या वेळी टीव्ही बंद ठेवला आणि कानांना हेडफोन लावले. एकट्या राहणाऱ्या माणसाचे कान तिखट होतात. रात्री जिना वाजला तर कितव्या पायरीवर कोण आहे, हे नशरा अंथरुणातून सांगू शकत होती.

काळोखाला आवाज होता.

कॅमेऱ्याच्या डोळ्यावर झाकण लावून कुणीतरी जुन्या चित्रावर तासभर काळोख भरला होता. पण झाकण डोळ्याला असतं, कानाला नाही. आधी नुसती घरघर. मग शिलाई मशिनची मोटार सुरू झाली, थांबली, सुरू झाली. साडीला फॉल लावताना अशीच थांबत थांबत चालते. मग दूर कुठेतरी धडाम, आणि त्यापाठोपाठ घसरत गेल्याचा आवाज. दहा मिनिटांनी पुन्हा तसाच धडाम. बर्फाच्या कारखान्यात लाद्या फळीवर सोडतात तो आवाज.

महाडात फॉल-पिकोची मशिनं दहा घरांत. बर्फाच्या कारखान्याला लागून घरं चार. दोन्ही ज्या घरात एकत्र ऐकू येतात असं घर एकच, आणि तिथे नशराने पहिल्या वर्षी बसून बटणं लावली होती. परवीनआपाचं, अर्शदच्या थोरल्या बहिणीचं. म्हणजेच राहीलचं.

तिला राग येण्याआधी नवल वाटलं. कॅमेऱ्यावर पोट भरणारा माणूस ही चूक कशी करेल? मग तिच्या ध्यानात आलं, की ही चूक फक्त लग्नाचा शूटिंगवालाच करेल. लग्नाच्या कॅसेटीत कॅमेऱ्याचा आवाज कुणी ऐकतच नाही. रडारड, वऱ्हाडाची भांडणं, ताटांचा खणखणाट सगळं पुसायचं आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. दहा वर्षं राहील हेच करत होता. त्याच्या लेखी कॅमेरा बहिराच होता.

तिने खालून फोन केला. राहील आला तो मान खाली घालूनच.

“मशिनला तेल घाला म्हणावं आपांना,” नशरा म्हणाली.

तो दाराशीच उभा राहिला. हेडफोनकडे पाहिलं, आणि सगळं समजला.

“मामी, मीच पुसलं. नुकसान भरून देतो. आत्ता निघतो, स्वराजला घेतो, पुन्हा शूट करतो. पण का पुसलं, ते विचारू नका.”

“का पुसलं?”

“वाटलं तर उद्यापासून मला उंबरठा चढू देऊ नका. पण हे नका विचारू.”

राहीलचे डोळे भरले होते. या माणसाला तिने त्याच्या वडिलांच्या मयतीलाही रडताना पाहिलं नव्हतं.

४

तेवढ्यात जिना वाजला. आठव्या पायरीवर पाय घसरला, म्हणजे नवखा. स्वराज होता. आपला भाग बघायला सकाळच्या एस्टीने उतरला होता, धुतलेला शर्ट घालून, हातात आईने दिलेली तुपाची बरणी. कॅसेटचं ऐकून त्याचं तोंड एवढंसं झालं.

“आता नाय लागायचं का ओ बाई? वाडीत टीव्ही नाय, म्हून आई आन् बाबा काशीरामच्या हाटेलात जाऊन बसणार हायत. पाच कोस चालून.”

“बस तू,” नशरा म्हणाली. “बुधवारचं मला पहिल्यापासून सांग. तुम्ही कुठे उभे होतात?”

“तिथंच की, हाटेलाच्या समोर. मी कठड्यावर, टेपरेकॉर्डर माझ्यापाशी, राहीलभाई रस्त्यापल्याड. माझ्या पाठीमागं हाटेल. धुकं तर असं होतं का स्वतःचा हात दिसत नव्हता.”

“हॉटेलात गेलात?”

“राहीलभाई नाय गेले, कॅमेरा भिजतोय म्हनाले. मी गेलो. चहावाल्यानं पैसं घेतलं नाय. म्हनला, तुमच्या बाई दिसत नाय? मी म्हनलो, त्यांना ताप हाय. तर बिचारा किटली धरून उभाच राहिला. लई चांगला मानूस. तुमचा एक भाग चुकवत नाय म्हनला.”

राहील खिडकीकडे तोंड करून उभा होता. नशराने आवाजाची कॅसेट लावली आणि हेडफोन घातले. स्वराजचा आवाज आला, धुक्यातून चालत यावा तसा.

‘धुकं खाली, मी वर, खाली माझं गाव,
एस्टी येते, एस्टी जाते, घेत नाय नाव,
आई सांगते म्हशी वळव, मी वळवतो शब्द,
सारा घाट बोलून उठला, तू का रे स्तब्ध?’

गाणं चांगलंच होतं. पण ती गाणं ऐकत नव्हती. गाण्याच्या पाठीमागचं ऐकत होती. ट्रकचा गिअर. पाण्याची धार. भांड्यांचा आवाज. आणि तिसऱ्या मिनिटाला कुणा गिऱ्हाईकाने हाक मारल्यावर, लांबून, एका माणसाचं उत्तर.

“आलो, आलो, एक श्वास घेऊ द्या!”

नशराने कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले, आणि स्वराजला खाली जाऊन चहा सांगायला पाठवलं.

“राहील,” ती म्हणाली, “मी सांगते, चुकलं तर थांबव. तुला स्वराजचा चेहरा पुसायचा नव्हता. त्याच्या मागे कुणीतरी होतं. तिथे असताना तुझं लक्ष स्वराजवर होतं, त्यात धुकं. शनिवारी घरी कॅसेट लावलीस तेव्हा दिसलं. तिसऱ्या मिनिटाला धुकं फाटलं असणार, आणि तो किटली घेऊन बाहेर आला असणार.”

राहीलने थांबवलं नाही.

“मी आजारी आहे हे दम्मामला कुणी कळवलं नव्हतं. मी नाही, आपांनी नाही. तरी शुक्रवारी पहिला प्रश्न तापाचा. बुधवारी स्वराजने ते सांगितलं एकाच माणसाला. आणि दीड वर्ष फोनची लाइन सुधारली म्हणून मी खूश होते. समुद्र मध्ये नसला की लाइन सुधारतेच.” तिचा आवाज इतका सरळ होता की तिला स्वतःलाच भीती वाटली. “आणि हा आवाज. समोर पाच महिनेच ऐकला असेल मी, बाकी फोनवर, पण तेवढ्यावरच तर सहा वर्षं काढली.”

“मामू दाढी वाढवून आहेत,” राहील हळूच म्हणाला. “तरी मी ओळखलं. मामी, पाच वाजता सगळं महाड बघणार. अम्मी बघणार. आणि तुम्ही हे टीव्हीवर बघणार? आखातातला नवरा घाटात चहा देतोय ते? माझं डोकंच चाललं नाही. वाटलं, आधी पुसू, मग जाऊन त्यांना भेटू, मग बघू.”

“भेटलास?”

“धीर झाला नाही.”

तुमच्या घराण्यातच धीर नाही, असं नशराच्या ओठांवर आलं होतं. पण या एका पोराने तिचं दुःख झाकायला स्वतःच्या धंद्याची अब्रू पणाला लावली होती. तिने नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

५

पुन्हा शूट करायला वेळ नव्हता, आणि तिला तसं करायचंही नव्हतं. तिने काळ्या चित्रावर स्वराजचं गाणं चढवलं, जसं होतं तसं, मागच्या ट्रकसकट आणि त्या हाकेसकट. केबलला लागणारी मोठी कॅसेट मुरारीच्या हातात ठेवली.

“यात चित्र नाही? लोक मला शिव्या घालतील!”

“घालू देत. पण रविवार चुकला नाही, हे लक्षात ठेवा.”

राहील सोबत येतो म्हणाला, स्वराजही म्हणाला. तिने दोघांनाही मागे ठेवलं आणि साडेतीनची महाबळेश्वरची एस्टी धरली. पोलादपूर मागे पडलं, चढ लागला, धुकं खिडकीतून आत यायला लागलं. वाटेत तिने विचारायच्या गोष्टी एकामागून एक मनात मांडल्या. पंचवीसेक झाल्या. आपण वर्षभर लोकांना प्रश्न विचारत फिरतो, त्यांतला एकही आज कामाचा नाही, हे तिला हॉटेलासमोर उतरताना कळलं.

हॉटेलात पाच-सहा माणसं टीव्हीकडे तोंड करून बसली होती. पुढे एका बाकावर डोंगरातलं एक म्हातारं जोडपं, स्वराजचे आईबाप असणार, देवळात बसावं तसं हात जोडून. पाच वाजले. पडदा काळा झाला.

“बिघडला वाटतं,” कुणीतरी म्हणालं. एकाने उठून टीव्हीच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. “लाव रे दुसरं कायतरी.”

“हात लावू नका!” दाढीवाला चहावाला किटली घेऊन पुढे आला. त्याची पाठ दाराकडे होती. “ऐका की जरा. बाईंनी मुद्दाम केलं असेल. आधी आवाज ऐकायचा, चेहरा मग. त्यांचं काम मला ठाऊक आहे.”

म्हातारी म्हणाली, “स्वराजचाच आवाज हाय गो बाई,” आणि डोळ्यांना पदर लावला. मग थापा मारणाराही खाली बसला. काळ्या पडद्यातून गाणं येत राहिलं. तिसऱ्या मिनिटाला त्याच काळोखातून आवाज आला, “आलो, आलो, एक श्वास घेऊ द्या!” गिऱ्हाईकं हसली. “अरे, हा तर आपला चहावाला!”

चहावाला हसला नाही. तो टीव्हीकडे पाहत राहिला, मग सावकाश वळला. दारात नशरा उभी होती.

आधी तोच बोलला, आणि हा आवाज ऐकायला मध्ये एक श्वासही जावा लागला नाही.

“कंपनी बुडाली. पासपोर्ट सोडवायला होतं नव्हतं ते गेलं. रिकाम्या हाताने आलो. तिकीट महाडचंच काढलं होतं, नशरा. स्टँडवर गाडी थांबली, मी उठलोसुद्धा. पण खाली उतरता येईना. पोलादपूरला उतरलो. मग इथे कळलं, की तुझा कार्यक्रम लागतो. केबलची वायर इथेच संपते. त्याच्या पुढे मी गेलो नाही.”

“फोन कुठून करत होतात?”

“पोलादपूरच्या बूथवरून. शुक्रवारी काशीरामभाऊ सुटी देतात.”

पंचवीस प्रश्नांतले चोवीस नशरा विसरली होती. उरला तो तिने विचारला, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत, आवाज न चढवता.

“तुम्ही लांब होतात म्हणून मी एकटी राहिले. कुणी काही म्हटलं की सांगायची, समुद्र आहे मध्ये, काय करणार. तुम्ही तर एका एस्टीवर होतात. मग ही दीड वर्षं मी एकटी कशासाठी राहिले, ते सांगा.”

किटली अर्शदच्या हातात तशीच होती, आणि नळीतून चहा त्याच्या पायावर सांडत होता. काशीराम गल्ल्यावरून उठला आणि त्याने ती किटली काढून घेतली.

“सहाची गाडी महाडला जाते,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

नशरा बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागे वळून पाहायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. गाडी आली, दार उघडलं, ती चढली आणि खिडकीपाशी बसली. कंडक्टरने तिकिटाचा चिमटा वाजवला.

“कुठं?”

“महाड,” ती म्हणाली, आणि थांबली. पायरीवर कुणाचा तरी पाय पडला होता. दुसरा पडायला फार वेळ लागला.

“दोन,” ती म्हणाली.